करंजपाड्याचा अर्धा गुण

"लिही," हे म्हणाले. "संस्थानाच्या अस्तापासून आजपर्यंत या डोंगरात जे जे गूढ निर्माण झालं, ते ते ज्याच्या एका कटाक्षानं उकललं, ज्याच्या नाकाला गुन्ह्याचा वास तीन कोसांवरून येतो, ज्याच्या नुसत्या मौनानं अपराध्यांना कंप सुटतो, असा एकमेव खाजगी गुप्तहेर म्हणजे..."

"म्हणजे?" मी विचारलं.

"आता माझं नाव येतं. ते तू घेत नाहीस. पाटीवरून उतरवून घे."

पाटी आमच्या ओटीवरच आहे. 'ल. ग. टिपणीस. गुप्त तपास व सर्व प्रकारचे शोध. चौकशी आत.' त्याखाली मी खडूनं लिहिलंय, 'पत्रावळी मिळतील.' पाटी वाचून आत येणारे बहुतेक जण पत्रावळीच घेऊन जातात.

नाकाचं म्हणाल, तर शेजारच्या खोलीत दूध करपलेलं यांना कळत नाही. आणि मौन मी लग्नाला चौदा वर्षं झाली तरी ऐकलेलं नाही. खरी हकीकत अशी की, जव्हारला संस्थान होतं तेव्हा हे कचेरीत दफ्तरकारकून होते. हरवलेले कागद शोधून काढायचे हे यांचं काम, आणि ते कुठं हरवलेत हे यांना ठाऊक असायचं, कारण ठेवलेले यांनीच असायचे. अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं, दफ्तर गाड्यांत भरून ठाण्याला गेलं आणि हे ओटीवर राहिले. शोधायची सवय काही गेली नाही. मग यांनी एक भिंग आणलं आणि मला मदतनीस नेमलं. मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास आहे. हे मॅट्रिकला तीनदा बसले आणि तीनदा उठले. म्हणून हे सांगतात आणि मी लिहिते, असं आमचं ठरलेलं आहे.

आता प्रकरण सांगते.

चौपन्न सालचा मार्गशीर्ष. थंडी इतकी की विहिरीचं पाणी कोमट लागत होतं. सकाळी साखरशेतचे बळवंत मास्तर दारात येऊन उभे राहिले. हे मास्तर साखरशेतचेच, शेतकऱ्याचा मुलगा. शिकून परत आपल्याच गावात मास्तर झालेला पहिला माणूस. तीन वर्षांपूर्वी गावानं शाळा बांधली तेव्हा भिंती मास्तरांच्या आईनं सारवल्या होत्या. एरवी हसतमुख माणूस, पण त्या दिवशी चेहरा पार उतरलेला होता.

"वहिनी, लक्ष्मणराव आहेत का?"

हे आतून भिंग घेऊनच बाहेर आले. "बसा. बोलू नका. तुमच्या पायांवर लाल माती आहे, डोळे तारवटलेले आहेत आणि हातात जाड पुस्तक आहे. तुमची गाय चोरीला गेली आहे."

"गाय घरी आहे," मास्तर म्हणाले. "शाळा चालली आहे."

त्यांनी एक पत्र पुढं केलं. पत्र शिक्षणखात्याचं होतं. 'साखरशेत येथील शाळा चालू ठेवण्याचे प्रयोजन उरले नसल्याचे शास्त्रीय संशोधनावरून दिसून आल्याने ती महिनाअखेर बंद करण्याचे योजिले आहे. आक्षेप असल्यास येत्या शनिवारी जव्हार मुक्कामी शाळातपासनीस डेप्युटींसमोर सप्रमाण मांडावेत.' आणि ते जाड पुस्तक म्हणजे 'मनोमापन' नावाचं त्रैमासिक. त्यात सोळा पानी लेख: 'डोंगरी भागातील बालकांच्या बुद्धीवर शालेय शिक्षणाचा परिणाम: एक तौलनिक मापन.' लेखक शहरातले एक प्राध्यापक. त्यांचं नाव मी इथं देत नाही. आता ते आम्हाला दर दिवाळीला कार्ड पाठवतात.

"काय म्हणतात हे प्राध्यापक?" मी विचारलं.

"म्हणतात, शाळेत जाऊन आमच्या पोरांच्या डोक्यात काहीच पडलं नाही." मास्तरांनी पत्राची घडी घातली. "एकतीस पोरं आहेत वहिनी. सुकी यंदा चौथीला बसणार, गावातली पहिली मुलगी. शाळा मिटली की दुसऱ्या दिवशी ती गुरांमागं जाईल. मला काय, दुसरीकडं टाकतील. पण ज्या पोरांना मी पाटी हातात धरायला शिकवलं, त्यांना काय सांगू? छापून आलंय म्हणून तुम्ही ढ?"

मला फार वाईट वाटलं. यांनाही वाटलं असणार, कारण यांनी भिंग खाली ठेवलं. मग एकदम ओरडले, "खून!"

"कुणाचा?" मास्तर दचकले.

"ते शोधायचं आहे. सुशीला, चहा टाक. आज आपण या लेखाचं शवविच्छेदन करणार."

लेखाचं परीक्षण करायचं तर आधी तो वाचावा लागतो, असं माझं मत. यांनी आधी तो तराजूत घातला. मग हुंगला, उन्हात धरला, शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत भिंगातून पाहिला आणि "शाई खरी आहे" असं जाहीर केलं. तोवर मी तांदूळ निवडता निवडता मास्तरांकडून सगळं समजून घेतलं.

गोष्ट सोपी होती. प्राध्यापकांनी मुलांचे दोन गट केले. 'अ' गट साखरशेतचा, जिथं तीन वर्षं शाळा आहे. 'ब' गट ओढ्यापलीकडच्या करंजपाड्याचा, जिथं शाळा कधीच नव्हती. दोन्हीकडं एकतीस-एकतीस मुलं घेतली. दोन्ही गटांना तेच वीस प्रश्न: लाकडी ठोकळे रचा, आकडे उलटे म्हणा, चित्रात काय राहिलंय ते सांगा, कागदावर वर्तुळ नि चौकोन काढा. शाळेनं अक्कल वाढत असेल तर साखरशेत पुढं दिसायला हवं. साखरशेतला सरासरी साडेअकरा गुण पडले. करंजपाड्याला बारा.

म्हणजे शाळा नसलेलं गाव अर्ध्या गुणानं पुढं! या अर्ध्या गुणावर प्राध्यापकांनी चार पानं खर्च केली होती. शाळेमुळे डोंगरी मुलाची नैसर्गिक बुद्धी 'किंचित मंदावत असावी' असंही लिहिलं होतं. शिवाय मोठ्या आनंदानं नोंदवलं होतं की, 'दोन्ही गावांतील मुलांची वये, उंची व वजने इतकी तंतोतंत जुळली की अशी दोन गावे संशोधकाच्या भाग्यात क्वचितच येतात.'

"सापडला!" हे ओरडले. "सूत्रधार सापडला! लेखाखाली बेचाळीस तळटीपा आहेत. त्यांत एकच इसम एकोणीस वेळा येतो. ना आडनाव, ना गाव. नाव आहे तत्रैव."

"अहो, तत्रैव म्हणजे त्याच ठिकाणी. मघाशी सांगितलेलंच पुस्तक पुन्हा, असा त्याचा अर्थ."

"म्हणजे हा माणूस नेहमी त्याच ठिकाणी असतो," हे म्हणाले. "हे तर जास्तच संशयास्पद आहे."

टोपी घालून हे थेट पोस्टात गेले आणि जव्हार तालुक्यात कुणा तत्रैवाच्या नावानं टपाल येतं का, याची चौकशी करून आले. पोस्टमास्तरांनी शांतपणे सांगितलं, मोखाड्याला विचारून बघा.

दुसऱ्या दिवशी नवा सिद्धांत आला. पहिल्या कोष्टकाखाली बारीक टाइपात लिहिलं होतं: 'अ गटात एका मुलाच्या डाव्या हातास सहा बोटे आढळली. योगायोगाने ब गटातही असे एक मूल होते.'

"योगायोग!" हे तुच्छतेनं हसले. "गुप्तहेराच्या शब्दकोशात योगायोग नाही. ही सहा बोटांची टोळी आहे. शाळा बंद पाडण्यामागं तिचा हात आहे. डावा."

"पण टोळीला शाळेचं काय करायचंय?"

"ते टोळीलाच विचारू."

बाजाराचा दिवस होता. हे दिवसभर बाजारात फिरून दिसेल त्याचा डावा हात धरून भिंगातून बघत होते. संध्याकाळपर्यंत बाजारात बोलवा झाली की टिपणीस ज्योतिष शिकले. दोघींनी मुलीच्या लग्नाचं विचारलं, एकानं हरवलेल्या रेड्याचं. यांनी तिघांनाही उत्तरं दिली आणि येताना सहा वांगी घेऊन आले. टोळीचा मागमूस लागला नाही. वांग्यांची भाजी बरी झाली.

इकडं मी धोब्याच्या चिठ्ठीच्या मागं माझे प्रश्न लिहीत होते. मला संशोधनातलं कळत नाही, पण आमच्या फायनलला परीक्षक कोण येणार यावरून सगळ्यांचं रक्त आटायचं, एवढं मला आठवत होतं. म्हणून पहिला प्रश्न मी लिहिला, परीक्षा कुणी घेतली?

मास्तरांना ते ठाऊक होतं. 'अ' गटाची परीक्षा प्राध्यापकांनी स्वतः घेतली, माघातल्या एका शनिवारी, साखरशेतच्या शाळेत. ती संपता संपता त्यांच्या पोटानं उचल खाल्ली. आमच्याकडची नागलीची भाकरी त्यांनी हौसेनं तीन खाल्ली होती. मास्तरांनी त्यांना गाडीत निजवून जव्हारच्या डाकबंगल्यावर आणलं आणि रविवारचा दिवस उशाशी बसून काढला. त्या रविवारी प्राध्यापकांचा मदतनीस, जो शनिवारी साखरशेतला आलाच नव्हता, मोखाड्याहून परस्पर करंजपाड्याला गेला आणि 'ब' गट एकट्यानंच उरकून आला.

"म्हणजे प्राध्यापकांनी करंजपाडा पाहिलाच नाही?"

"नाही."

मी दुसरा प्रश्न लिहिला. मुलांनी वर्तुळ नि चौकोन काढलेले ते मूळ कागद कुठं आहेत?

हे पाठीमागून वाचत होते. एकदम त्यांनी टाळी वाजवली. "मदतनीस! तो करंजपाड्याला गेलाच नाही! एखाद्या आंब्याखाली बसून त्यानं साखरशेतचेच आकडे उतरवून काढले. म्हणून वयं जुळली, उंची जुळली, बोटंसुद्धा जुळली. वर चोरी दिसू नये म्हणून अर्धा गुण वाढवला."

हा सिद्धांत मात्र मलाही पटला, हे कबूल करते. चौदा वर्षांत प्रथमच पटला, म्हणून तारीख लिहून ठेवली आहे. आता करंजपाड्याला जाऊन एकच विचारायचं होतं: इथं माघात कुणी आलं होतं का?

"वेषांतर करून जाऊ," हे म्हणाले. "वेषांतराचं मर्म एकच. लोकांत असं मिसळायचं की आपण आलो हे कुणाला कळू नये."

यांनी कुठूनसा एक जुना खाकी कोट आणला, खाकी टोपी आणली, कमरेला पट्टा बांधला आणि काखेत छडी घेतली. मी म्हटलं, अहो, हा तर रानखात्याच्या गार्डाचा वेष झाला. हे म्हणाले, रानात रानखात्याचा माणूस कुणाच्या लक्षात येतो?

शुक्रवारी आम्ही गाडीनं साखरशेतला गेलो. भात निघून गेला होता, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या होत्या आणि मास्तरांच्या शाळेतून बे एके बेचा आवाज येत होता. मास्तर मुलांना पाढे देऊन आमच्याबरोबर निघाले. ओढा ओलांडला, चढण चढलो आणि करंजपाडा दिसला. पंधरा-सोळा झोपड्या, मध्ये करंजाचं मोठं झाड. अंगणात कुणी वरई कांडत होतं, कुणी जाळं विणत होतं. यांनी छडी उंच करून "राम राम!" अशी हाक घातली.

एक कुत्रं भुंकलं. कुणीतरी कुणालातरी हाक मारली. आणि बघता बघता पाडा रिकामा झाला. म्हातारे गेले, बाया गेल्या, कडेवरच्या पोरांसकट गेल्या. तोडलेल्या फाट्यांचे भारेसुद्धा गेले. चुलीवर भात तेवढा रटरटत राहिला.

"पाहिलंस?" हे विजयानं म्हणाले. "अपराधी मन! सगळा पाडा कटात सामील आहे!" आणि टेकडावर चढणाऱ्या एका म्हाताऱ्यामागं हे छडी घेऊन धावले. म्हातारा सत्तरीचा असेल, पण अंतर वाढत गेलं. हे कुठं पडतील म्हणून मास्तर यांच्यामागं धावले. मी करंजाखाली एकटी उरले.

"बाई, तू गं कशी इकडं?"

झोपडीच्या दारात कोंडी उभी होती. पाड्याचा कारभारी पुंजा, त्याची ही बायको. पळसाच्या पानांचे भारे घेऊन ती जव्हारला माझ्याकडं येते, त्या पानांच्याच माझ्या पत्रावळी. अंगानं जाड, बोलायला मोकळी. डेप्युटी असो की देव असो, ती सगळ्यांना तूच म्हणते.

"तू नाही पळालीस?" मी विचारलं.

"मी बी पळत व्हती. मंग तुझा लुगडा वळखला. बस. त्यो गार्ड तुझा कोन?"

"नवरा."

"आई गं," कोंडी मनापासून हळहळली आणि तिनं मला पाणी दिलं.

मी विषय काढला. माघात इथं कुणी शहरातला माणूस आला होता का?

"आलता ना. डोक्याला मोठी टोपी, हातात पेटी. आमी कोंबडा कापला त्याला. दोन येळा भात वाढला. चांगला पोरगा. नुसता रडाचा."

यांचा सिद्धांत जागच्या जागी मेला. मदतनीस आला होता, जेवला होता आणि रडलाही होता.

"रडला कशाला?"

"आज झाला ना, तसाच तेवा बी झाला. पेटी पाहिली, पोरांना वाटला देवी टोचनारा आला. सगळी पोरां रानात पळाली. दोन दिस घरा नाय आली. आनि तो बोलतंय, एकतीस पोरां पायजेत, आजच पायजेत, पोरां नाय भेटली तं माझा साहेब मला ठेवनार नाय. इथंच बसून रडाला लागला, तू बसलीस ना, तिथंच."

"मग? त्यानं परीक्षा कुणाची घेतली?"

"पोरांची."

"कुठल्या पोरांची? पोरं तर रानात होती ना?"

"साखरशेतच्या," कोंडी म्हणाली. यात विचारण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा होता. "लगनाला भांडी कमी पडली तं आमी साखरशेतशी आनतू. लावनीला मानसां कमी पडली तं साखरशेतशी आनतू. त्यांना लागला तं आमी देतू. पाव्हना दारात रडतंय, त्याला रिकामा कसा धाडाचा? पुंजा गेला, आयतवार व्हता, पोरां उंडारतच व्हती. एकतीस मोजून आनली. तिन्हीसांजेला एकतीस मोजून परत दिली. एक बी कमी नाय."

मी तोंडाला पदर लावला. हसू आवरेना. "अगं, त्यानं विचारलं नाही का, ही मुलं इथलीच ना म्हणून?"

"विचारला. पुंजा बोलला, आजच्याला आमचीच."

"आणि मुलं? मुलं काही बोलली नाहीत?"

"काय बोलतील? खुशीत व्हती. बोलली, ह्यो तं कालचाच खेळ हाय, आता आमाला येतंय."

तो अर्धा गुण असा आला होता. शनिवारी ठोकळे रचताना जी मुलं अडखळली, ती रविवारी थोडी कमी अडखळली. उंची जुळली कारण उंची त्यांचीच होती. सहा बोटांचा मंगळूही एकच होता. सोळा पानं, चार कोष्टकं, बेचाळीस तळटीपा यांत साखरशेतची तुलना मोठ्या काळजीपूर्वक साखरशेतशीच झाली होती.

मी डोळे पुसते आहे तोच हे परत आले. एक वहाण गेलेली, कोटाची बाही करवंदीच्या जाळीत राहिलेली. "सिद्ध झालं!" हे धापा टाकत म्हणाले. "मदतनीस इथं आलाच नव्हता. त्या म्हाताऱ्यानं कबुली दिली."

"काय म्हणाला?"

"ठळक काही नाही. वरून दगड मारला."

मी यांना सगळं सांगितलं. मास्तर ऐकत होते. माझीच पोरं, माझीच पोरं, असं म्हणत हसले आणि मग रडलेही. हे मात्र एका वहाणेनं लंगडत पुढं चालू लागले. ओढ्यात पाय धुताना म्हणाले, "मला पहिल्या दिवशीच संशय होता. तुला कितपत जमतं ते पाहत होतो."

शनिवारी जुन्या कचेरीत डेप्युटीसाहेब बसले. शेजारी प्राध्यापक, उंच, गोरे, चष्मा लावलेले. आपल्या संशोधनाची कार्यवाही डोळ्यांनी पाहावी म्हणून मुद्दाम आले होते, आणि बरोबर पत्र्याची एक ट्रंकही होती. कोंडी आणि पुंजा पहाटेच निघून आले होते. मास्तर भिंतीला टेकून उभे होते.

हे उभे राहिले. "महाराज," हे म्हणाले. कचेरीत आलं की यांना संस्थान अजून चालू आहे असं वाटतं. "या कटाचा आरंभ तत्रैव नामक इसमापासून..."

"कोण?" डेप्युटींनी विचारलं.

प्राध्यापक हसले. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. तो चेहरा बघून मात्र आमचे हे थांबले. छातीवरची सगळी हवा सोडून साध्या आवाजात म्हणाले, "साहेब, मला यातलं फारसं कळत नाही. माझ्या बायकोला कळतं. तिचं ऐका." इतक्या वर्षांत यांनी केलेला हा सर्वांत मोठा उलगडा होता, आणि मला यांचा फार अभिमान वाटला.

मी पदर सावरून उठले आणि धोब्याची चिठ्ठी उघडली. परीक्षक दोन का होते, ते विचारलं. ब गट कुणी निवडला, ते विचारलं. मग कोंडीनं उभं राहून आपली हकीकत सांगितली, कोंबड्यासकट. डेप्युटींनी तोंडावर रुमाल धरला.

प्राध्यापक ताठ झाले. "बाई, ही सांगोवांगी झाली. शास्त्राला कागद लागतो."

"कागद आपल्याकडंच आहेत ना?" मी म्हटलं. "मुलांनी वर्तुळ नि चौकोन काढलेले? आपण ते पाहिलेत?"

"अ गटाचे मी स्वतः तपासले. ब गटाचे गुण मदतनीसानं कळवले, कागद गठ्ठा बांधून आणले. हे पाहा, तसेच आहेत." त्यांनी ट्रंकेतून गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. वरची दोरी जशीच्या तशी होती. गाठीवर दहा महिन्यांची धूळ होती.

डेप्युटींनी गाठ सोडली. पहिला कागद पाहिला, दुसरा पाहिला, मग भराभर सगळे पाहिले. आमच्या मास्तरांची शिस्त कडक. कागद हाती आला की आधी नाव, मग बाकीचं.

"मंगळू," डेप्युटी वाचू लागले. "तुका. गोदा. जिव्या. कमू. प्राध्यापकमहाशय, ज्या गावात कधी शाळा नव्हती, तिथल्या एकतीसपैकी एकोणतीस मुलांनी स्वतःचं नाव लिहिलेलं आहे. वळणदार."

प्राध्यापकांनी एक कागद उचलला, मग दुसरा. चष्मा काढला, पुसला आणि न लावताच हातात धरून ठेवला. "लेख लिहायला मला सहा महिने लागले," ते हळूच म्हणाले. "ही दोरी सोडायला काय लागलं असतं?" मग ते उठले आणि मास्तरांपुढं जाऊन त्यांनी हात जोडले. "मास्तर, मी आपल्या मुलांवर अन्याय केला. पुढच्या अंकात मी तो छापून कबूल करीन, पहिल्या पानावर." असं म्हणायला मोठं मन लागतं, ते त्यांच्याकडं होतं.

डेप्युटींनी शाळा बंद करण्याच्या कागदावर आडवी रेघ मारली. मास्तरांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. पुंजानं मध्येच हात वर केला. "साहेब, पोरां आमी परत दिली. आता मास्तर उसना द्या. आठवड्याला दोन दिस. मोजून परत देऊ."

डेप्युटींनी नियमांचं पुस्तक चाळलं. मास्तर उसना देण्याचा नियम त्यात नव्हता, देऊ नये असाही नव्हता. "द्या," ते म्हणाले आणि कागद आवरू लागले. आवरता आवरता एक कागद त्यांनी वेगळा काढला. "यावर दोन नावं कशी? वर सुकी आहे. खाली कोंडी."

कोंडी ताडकन उठली. "ती मी!"

"तू परीक्षेला बसलीस?" मी विचारलं.

"नाय गं बाई. मी भात वाढत व्हती. सुकी बोलली, काकी, तुझा नाव काय? मी बोलली कोंडी. तिनं लिव्हला. मी हात पुसून पाहाला गेली, तवर त्यानं कागद पेटीत टाकला." ती टेबलाजवळ आली. "दे ना. मला पाहाचा हाय."

प्राध्यापकांनी डेप्युटींच्या हातातला कागद घेऊन तिच्यापुढं धरला. तिनं पानाच्या रंगानं हिरवी झालेली बोटं लुगड्याला पुसली. "ह्यात माझा कोनचा?"

त्यांनी बोट ठेवून दाखवलं. कोंडी वाकून पाहत राहिली. एकेचाळीस-बेचाळीस वर्षांची बाई, हे नाव जन्मभर ऐकत आलेली, ते कसं दिसतं हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होती.

"दोनच अक्षरां?" ती म्हणाली. "येवढासाच? मंग तं मला बी येल."

मास्तरांनी खिशातली पेन्सील काढून तिला दिली. प्राध्यापकांनी आपली खुर्ची तिच्यासाठी मागं ओढली, पण खुर्चीवर बसायची तिला सवय नव्हती. ती सरळ जमिनीवर बसली, कागद मांडीवर घेतला आणि पेन्सील मुठीत धरून पहिली रेघ ओढली. ती वाकडी गेली. तेव्हा प्राध्यापक तिच्याशेजारी खाली बसले आणि त्यांनी कागद दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.